चौथ्या पायरीवरची मेणबत्ती

१

तळघरात उतरताना मेणबत्ती गुडघ्याच्या खाली धरायची. तोंडासमोर नाही, छातीसमोर नाही. आमच्या खाडीवर हे नुकतं चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. नाताळच्या आधी इथं प्रत्येक घराच्या पोटात बिअरचं पिंप फसफसत असतं. त्यातून जी हवा निघते ती पाण्यासारखी खाली साठते. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. दिसत नाही. वास येतो तो बिअरचाच, म्हणजे आपल्याला आवडणाराच. तिच्यात मेणबत्ती बुडते. बुडली की मागं फिरायचं, वर यायचं, जमिनीतली झडप उघडी टाकायची, भिंतीतला झरोका मोकळा करायचा आणि जेवून घ्यायचं. बिअर काही पळून जात नाही.

एवढा साधा नियम. तो मी बिघडवला.

तरणा होतो तेव्हा एका झाडाची पोकळ फांदी सापडली. आतला गाभा तारेनं काढला आणि हातभर लांब फुंकणी केली. मग काय, ज्याच्या घरी बिअर तिथं मी. घरमालक मेणबत्ती घेऊन पायऱ्या उतरायला लागला की मी स्वयंपाकघरात झडपेच्या कडेला पोटावर पडायचो, फुंकणी खाली सोडायचो आणि एक बारीक, सरळ फुंकर. मेणबत्ती गपकन जायची. माणूस बोंबलत वर. एकाचं डोकं तुळईला आपटलं, एकीनं माझ्याच अंगावर बादली ओतली. मला वाटायचं, देवानं मला एक कला दिलीय.

सगळ्यात मजा आस्लाकची. आस्लाक माझा शेजारी, बांधाला बांध लागून. पहिल्यांदा फुंकली तेव्हा तो एक बूट खाली टाकून पळाला. बायको ग्यूरी त्याला आठवडाभर बूटवाला म्हणायची. पण दहा-बारा वर्षांत तो सरावला. मेणबत्ती गेली की थांबायचा, हसायचा आणि म्हणायचा, "हो हो, तोर्गिल्स. कळलं. फुंक." आणि तसाच अंधारात खाली जायचा.

ते मला सगळ्यात गमतीचं वाटायचं. आता वाटत नाही.

२

एका वर्षी खाडीच गोठली, इतकी थंडी. आमच्या विरजणाला, म्हणजे जवाचं पाणी फसफसवणाऱ्या खमिराला, ऊब लागते, माणसाच्या कुशीइतकी. ती कमी पडली तर बिअर मरते आणि नाताळला पाहुण्यांसमोर मान खाली जाते. आस्लाकनं पिंपावर मेंढीची कातडी घातली. तेवढ्यावर थांबायचं ना. त्यानं झरोक्यातही एक कातडं कोंबलं, आतून, चारी कोपरे दुमडून घट्ट. तो काहीही करायचा तर असंच नेटकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फेस बघायला उतरला. ग्यूरीवहिनी झडपेकडं पाठ करून चुलीवर बटाट्याच्या पोळ्या भाजत होती. तिला त्याचं हसणं ऐकू आलं. मग शब्द, "हो हो, तोर्गिल्स. फुंक." मग पाऊल, आणखी एक पाऊल. वहिनीनं तव्यावरची पोळी उलटली. तिला वाटलं, मी आलोय.

मी नव्हतो. मी खाडीच्या पलीकडे गिरणीवर होतो.

डॉक्टर म्हणाला, झरोका बंद होता, हवा साठली. खरंच होतं ते. पुरून आल्यावर वहिनीनं मला बाजूला घेतलं.

"भावजी, तुम्ही नव्हतात ना?"

"नव्हतो."

"मग तो कुणाशी बोलला?"

आता मला उत्तर ठाऊक होतं. विझलेल्या मेणबत्तीला हसायला त्याला मी शिकवलं होतं, बारा वर्षं खपून. पण मी म्हणलं, "वहिनी, ती हवा डोक्यात गेली की माणूस बरळतो."

तिनं मान हलवली. तिनं ते मानलं म्हणून मला बरं वाटलं. घरी जाऊन फुंकणी चुलीत घातली. ओली नव्हती, तरी जळायला वेळ लागला.

३

त्यानंतर सहा नाताळ त्या घरात बिअर झाली नाही. सातव्या वर्षी सुन्निवा शहरातनं परत आली. आस्लाकची एकुलती पोरगी, तेविशीची, बापासारखीच रुंद खांद्यांची आणि हट्टी. आल्या आल्या म्हणाली, "यंदा पिंप धुवायचं. सहा वर्षं आपल्या घरी लोक कॉफी पिऊन जातात. दुखवट्याला आल्यासारखे."

वहिनी माझ्या दारात आली. बसली नाही.

"भावजी, पोरगी ऐकत नाही. तिला एकटीला खाली सोडू नका. तिच्याशिवाय मला कुणी नाही."

"नाही सोडणार."

"आणि थट्टा नको."

"वहिनी, मी आता म्हातारा झालो."

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, म्हणजे दहा वाजले होते. डिसेंबरात आमच्याकडं सूर्य बहुतेक डोंगराआडूनच हजेरी लावून जातो. स्वयंपाकघर तसंच होतं. उजवीकडं चूल, डावीकडं लांब झडप. झडपेच्या कडेला जमिनीवर मांजर झोपलेलं.

"हे चुलीजवळ का झोपत नाही?" मी विचारलं.

"त्याला तीच जागा आवडते," वहिनी म्हणाली आणि दुसरीकडं बघायला लागली.

झडप उघडायची म्हणून मी मांजराला उचललं. खालच्या फळ्या गरम होत्या. मांजर झोपलं होतं, गरम असणारच. पण हात जरा पुढं सरकला, मांजर नव्हतं तिथं, तिथंही गरम. मी म्हणलं, चुलीची ऊब जमिनीखालून येत असेल. चूल दहा पावलांवर होती.

बाहेर जाऊन झरोका बघितला. पूर्ण मोकळा. कोंबडीचं पीस धरलं तर ते सुळकन आत ओढलं गेलं. वारा चांगला होता. झडप उघडी, झरोका उघडा, पिंप रिकामं. हे नीट ध्यानात घ्या, पिंप रिकामं होतं. बाहेरच्या चुलीघरात जवाचं गोड पाणी अजून उकळत होतं आणि विरजण खुंटीवर लाकडी कड्याला वाळलेलं टांगलं होतं. त्या तळघरात फसफसणारं काही म्हणजे काहीच नव्हतं.

सुन्निवा पिंप धुवायला पाण्याची पहिली बादली घेऊन उतरली. डाव्या हातात मेणबत्ती, काठीला बांधलेली, गुडघ्याच्या खाली. मी झडपेपासून चार पावलं मागं उभा होतो, हात खिशात.

एक पायरी, दोन, तीन. चौथ्या पायरीवर मेणबत्ती गेली.

४

आता, हवेत बुडणारी मेणबत्ती मी शंभरदा पाहिलीय. ज्योत आधी लहान होते, पिवळीची निळसर होते, वातीवरनं उचलल्यासारखी होते आणि मग नाहीशी. सावकाश मरते ती.

ही तशी गेली नाही. ज्योत एका बाजूला आडवी झाली, तिला कुणी बोटानं दाबल्यासारखी, आणि गेली. धूरही आडवाच गेला. वरनं खाली, तिरका. ती फुंकर मी ओळखतो. ती शिकायला मला एक हिवाळा लागला होता.

"काका," सुन्निवा खालनं म्हणाली, "पहिल्याच बादलीला?"

"मी नाही."

"नाही हो. तुम्ही कसे असाल."

"पोरी, माझे हात खिशात आहेत. बघ."

तिनं वळून बघितलं, हसली. "बाबा सांगायचे, तोर्गिल्स नाही म्हणाला की समजायचं फुंकणी बाहीत आहे."

मी बाह्या वर करून दाखवल्या. ती आणखीच हसली. अंधारातच खाली जाऊन बादली ओतून आली. मेणबत्ती पुन्हा लावली, चौथ्या पायरीवर पुन्हा गेली. वाऱ्याचा झोत असेल म्हणून मी स्वतः चौथ्या पायरीवर जाऊन उभा राहिलो, बोट ओलं करून धरलं. वारा खालनं वर येत होता, माझ्या विजारीत शिरत होता. वरनं खाली काही नव्हतं. मी उभा होतो तोवर मेणबत्ती नीट जळत राहिली.

मी वर आलो, ती उतरली, मेणबत्ती गेली.

पाच वेळा. पाचव्या वेळी ती थांबलीसुद्धा नाही. नुसतं म्हणाली, "हो हो, काका. कळलं."

तेव्हा मी घाबरलो. मेणबत्ती विझते म्हणून नाही. आज विझली काय, न विझली काय, खाली धोका नव्हता. पण उद्या असणार होता. उद्या पिंप फसफसणार, आणि तोवर ह्या पोरीला विझलेल्या मेणबत्तीची सवय होणार. आस्लाकला लावायला मला बारा वर्षं लागली. हिला कुणीतरी एका सकाळीत लावत होतं.

५

विरजण घालायची आमची रीत आहे. गोड पाणी कोमट झालं की कडं आत सोडायचं आणि सोडतानाच जिवाच्या आकांतानं ओरडायचं. जेवढं ओरडाल तेवढी बिअर जोरकस. गुपचूप घातलं तर पिणारे भांडतात म्हणे. माझ्या बापाची आरोळी पलीकडच्या काठावर ऐकू जायची, तिकडचे लोक टोप्या काढायचे.

दुपारी आम्ही दोघं पिंपाशी उभे राहिलो. ह्या वेळी दिवा खाली आधीच ठेवला होता, तो गेला नाही. सुन्निवानं कडं सोडलं आणि ओरडली. काय ओरडली म्हणता, छातीच तशी. मीही ओरडलो.

आम्ही दोघं गप्प झाल्यावर तिसरी आरोळी आली. जरा उशिरानं. बाप्याची, ओळखीच्या घशातली.

"घुमतंय बघा कसं," सुन्निवा म्हणाली.

पिंपाभोवती कातडी, जमीन मातीची, भिंतीला बटाट्याची पोती. असल्या जागी आवाज घुमत नाही. तो मुका होतो. पण मी म्हणलं, घुमत असेल. नाहीतर काय म्हणणार? आस्लाकनं घोगऱ्या आवाजात असंच ओरडून मला वर्षानुवर्षं चिडवलं होतं.

त्या आरोळीची मला भीती वाटली नाही, हे विचित्र. ती पिंपाजवळनं आली होती. मला भीती वाटत होती वरच्या झडपेची.

६

दुसऱ्या दिवशी झरोका बंद होता.

बाहेरनं बर्फावर एकाचंही पाऊल नव्हतं. मी काठी घालून टोचून बघितलं तेव्हा आत मेंढीचं कातडं होतं, चारी कोपरे दुमडून घट्ट बसवलेलं. मी ते ओढून काढलं आणि बर्फात फेकलं. आत जाऊन सुन्निवाला विचारलं.

"मी कशाला बंद करू? मी काय वेडी आहे?"

पण रात्री थंडी होती आणि ती आस्लाकची पोरगी होती. तिनंच कोंबलं असेल आणि आता कबूल करायला लाजत असेल, असं मला अजूनही कधी कधी वाटतं. तसं वाटून घ्यायला मला आवडतं.

"हे बघ," मी म्हणलं, "आज खाली कुणी उतरायचं नाही. झडप उघडी राहू दे, हवा खेळू दे. दुपारपर्यंत नाही."

"फेस नको का बघायला?"

"फेस बघायला तुझा बाप गेला होता."

ती झडपेकडं वळली. मग म्हणाली, "काका, काल पाच वेळा विझली. पाचही वेळा मी खाली जाऊन आले. मेले का?"

"काल पिंप रिकामं होतं. आणि ती मी नव्हतो विझवत."

"मग कोण?"

तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तुझा बाप हवेनं मेला नाही गं, माझ्या गमतीनं मेला, असं. पण चाळीस वर्षं ज्यानं ह्या खाडीला फसवलं, त्याचं हे तरी तिनं का मानावं? आणि मानलं तर? मी म्हणलं, "वारा असेल."

"वारा," ती म्हणाली आणि हसली. "बाही दाखवा."

झडप मला खिळे मारून बंद करता आली असती. पण मग वरनं हवा बंद. उघडी ठेवावी तर पोरगी उतरणार. वहिनी गोठ्यात धार काढत होती. म्हणलं, तिला बोलवून आणावं, आईचं तरी ऐकेल. "मी येईपर्यंत उतरू नको," मी बजावलं.

"बरं बरं."

७

गोठा जवळच. वहिनीला मी दारातनंच हाक मारली, ती म्हणाली आले, आणि मी परत फिरलो. फार तर दहा मिनिटं झाली असतील. सूर्य डोंगराच्या कडेवर आला होता आणि उजेड स्वयंपाकघराच्या दारातनं सरळ आत पडला होता. म्हणून मला दिसलं. अंधार असता तर मी शपथ घेतली नसती.

झडपेच्या कडेला कुणीतरी पोटावर पडलं होतं. पाय माझ्याकडं. बुटांचे तळवे दिसत होते. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूनं तिरकी झिजलेली. माझी तशी झिजते, लहानपणापासून. अंगात तपकिरी जाकीट, कोपराला निळ्या कापडाचं ठिगळ. ते ठिगळ माझ्या आईनं लावलं होतं. ते जाकीट फाटून पोतेरं झाल्याला चाळीस वर्षं झाली होती. डोकं खाली झुकलेलं, केस काळे, दाट. एक गाल फुगला.

खालनं सुन्निवाचं हसणं. "हो हो, काका. फुंका."

पाऊल. आणखी एक पाऊल.

"वर ये," मी ओरडलो. "सुन्निवा, वर ये."

ती हसली. माझाच आवाज होता ना तो. माझ्या आवाजाला हसायचं असतं. मग ते हसणं मध्येच तुटलं.

तिच्यापर्यंत हात पोचायला झडपेच्या कडेला पोटावर पडावं लागतं. दुसरी जागाच नाही. मी धावलो आणि तिथंच पडलो, जिथं तो होता तिथंच. त्याच्यावर पडलो की त्याच्यात, ते मला सांगता येणार नाही. फळ्या गरम होत्या, डोक्यापासून टाचेपर्यंत, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या गादीसारख्या. श्वास कोंडून मी हात खाली सोडला. वेणी हाताला लागली, मग कॉलर. ती पायरीवर बसल्यासारखी कलली होती. मी ओढली. हलेना. मी सदुसष्ट वर्षांचा आणि ती आस्लाकची हाडं. डोळ्यांपुढं लाल झालं. कॉलर बोटांतनं सुटायला लागली.

आणि मग ती हलकी झाली. एकदम. खालनं कुणी खांदा दिल्यावर जशी पोती वर येतात, तशी. मी ओढलं आणि ती वर आली, फळ्यांवर, माझ्या छातीवर. झडपेतनं खाली मी बघितलं नाही. बघायला हवं होतं. पण मी बघितलं नाही.

८

वहिनी धावत आली तेव्हा आम्ही दोघं दाराबाहेर बर्फात पडलो होतो. सुन्निवा ओकत होती. ओकतेय म्हणजे जिवंत आहे. वहिनीच्या दुधाची बादली उंबऱ्यावर आडवी झाली होती आणि मांजर दूध चाटत होतं.

पोरगी निजल्यावर वहिनी आणि मी चुलीजवळ बसलो. झडप उघडी होती, झरोका उघडा. तिकडं बघत वहिनी म्हणाली, "त्या फळ्या गरम असतात."

"ठाऊक आहे."

"सहा हिवाळे. बाईमाणूस जमीन पुसते तेव्हा कळतं. माणसाएवढी जागा. मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, आस्लाक आहे. बाहेर थंडी, म्हणून घरात येऊन पडतो. मी तिथं कधी खुर्चीसुद्धा ठेवली नाही."

मी त्या फळ्यांकडं बघितलं.

"आस्लाकच आहे ना, भावजी?"

मी हो म्हणू शकलो असतो. तिला बरं वाटलं असतं. सहा वर्षांपूर्वी तसंच केलं होतं, आणि त्यामुळेच तो फुंकणारा तिथं पडून राहिला, कुणी हटकलं नाही म्हणून. मी म्हणलं, "नाही, वहिनी. आस्लाक खाली आहे. वर आहे तो मी." आणि सगळं सांगितलं. बूट, बारा वर्षं, हो हो तोर्गिल्स. तो बरळला नव्हता, हेही.

तिनं ऐकून घेतलं. चुलीत लाकूड सारलं. म्हणाली, "मी पोळी उलटत होते." एवढंच. मग उठून तिनं एक खुर्ची उचलली आणि त्या फळ्यांवर नेऊन ठेवली.

त्या नाताळला बिअर झाली. चांगली झाली. पहिला वाडगा सुन्निवानं पायऱ्यांवर ठेवला, चौथीवर नाही, त्याच्याही खाली. मला तिनं दुसरा दिला. अजून मला काका म्हणते, पण माझ्या बोलण्याला हसत नाही. ते चांगलंच आहे.

आता माझी ऐंशी झाली. दर डिसेंबरात मी त्या घरी जातो आणि खुर्ची बाजूला करून फळ्यांना हात लावतो. दरवेळी वाटतं, यंदा थंड असतील. मी गेल्यावर तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन बघा. थंड लागल्या तर बरं झालं म्हणा. गरम लागल्या, तर त्या घरात मेणबत्ती गेली की मागं फिरा. कुणी फुंकली ते बघत बसू नका. आणि हसू तर अजिबात नका.